ब्रूनोचे आजोबा

पहाटे टेकडीवर कुत्री फिरवायला येणाऱ्या माणसांना स्वतःची नावं नसतात. रॉकीचे पप्पा, सिंबाची मम्मा, कोकोची मावशी अशीच ती एकमेकांना ओळखतात. या मंडळींत ब्रूनोचे आजोबा सर्वांत ज्येष्ठ. इतकी वर्षं आम्ही एकत्र चालतो, पण त्यांचं आडनाव कोणाला सांगता येणार नाही. ब्रूनोला काल किती वेळा, कुठे आणि कोणत्या रंगाची शी झाली, हे मात्र टेकडीवरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कारण ते न विचारता सांगितलं जातं.

डोक्याला माकडटोपी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवीत वर्तमानपत्राचे एकाच मापाचे कापलेले तुकडे, पाण्याची बाटली, बॅटरी, कुसळं काढायचा चिमटा आणि लाल कापडी बांधणीची एक लांबट वही. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला ब्रूनो. लोणी रंगाचा, पस्तीस किलोंचा लॅब्रॅडोर. सगळ्या जगाने आपल्यावर प्रेम करावं आणि करताना हातात काहीतरी खाऊ असावा, एवढीच त्याची अपेक्षा.

आजोबा लोकल फंडाच्या लेखापरीक्षणातून निवृत्त झाले. ग्रामपंचायती आणि पंचायत समित्यांची दप्तरं तपासण्यात त्यांची नोकरी गेली. काही खटकलं की अर्धसमास काढायचा, म्हणजे कागद मधोमध दुमडून डावीकडे आक्षेप लिहायचा आणि उजवी बाजू उत्तरासाठी कोरी सोडायची. माणूस निवृत्त झाला, पण अर्धसमास निवृत्त झाला नाही. घरच्या भाजीच्या हिशेबावर त्यांनी एकदा आक्षेप घेऊन पाहिला म्हणतात. आजींनी उजवी बाजू कोरीच ठेवली आणि ताटातली भाजीची जागाही. त्यानंतर तपासणीसाठी घरात काही उरलं नाही. अशा रिकाम्या दिवसांत ब्रूनो आला.

ब्रूनो खरा मुलीचा. तिला हैदराबादला नोकरी लागली, तेव्हा "दोन महिन्यांत जागा बघते आणि याला घेऊन जाते" असं सांगून ती गेली. जागा बघून झाली, घेऊन झाली, तिचे हप्तेही सुरू झाले. ब्रूनो इथेच आहे. व्हिडिओ कॉलवर ती स्वतःला मम्मा म्हणवते, म्हणून हे आजोबा. "त्या जनावराला मी हात लावणार नाही" ही त्यांची पहिल्या आठवड्यातली घोषणा आजी अजून पाहुण्यांना ऐकवतात. आता मुलीने न्यायचा विषय काढलाच, तर आजोबा गंभीरपणे म्हणतात, "हैदराबादचं पाणी त्याला मानवायचं नाही."

"आपलं लक्ष असतं!" हे त्यांचं पालुपद. ब्रूनो शिंकला, आपलं लक्ष असतं. ब्रूनोने डावा कान दोनदा झाडला, आपलं लक्ष असतं. आणि या लक्षाला सर्वांत मोठं खाद्य मिळालं ते त्या पावसाळ्यात, ब्रूनोने गवत खाल्लं तेव्हा.

पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि टेकडीच्या वाटेवर कोवळी हरळी फुटली होती. ब्रूनो थांबला, त्याने मान वाकडी केली, दाढेच्या बाजूने पाती तोडली आणि गाईगुरांच्या शांतपणाने चघळू लागला. रोखपुस्तकात खाडाखोड सापडावी, तसा आजोबांचा चेहरा झाला.

"हे नियमात बसत नाही," ते म्हणाले. "हा मांसाहारी प्राणी आहे."

या मांसाहारी प्राण्याने आदल्याच दिवशी दोन गाजरं, भोपळ्याची सालं आणि रबरी चपलेचा अंगठा खाल्ला होता. पण तो मुद्दा कोणी काढला नाही. थोड्या वेळाने ब्रूनोने पोट आत ओढून दोन-तीन उमासे काढले आणि पिवळसर फेसात गुंडाळलेलं ते गवत वाटेवर ठेवलं. मग शेपटी हलवत तो पुढे निघाला. आजोबा तिथेच उकिडवे बसले आणि बॅटरीच्या उजेडात पंचनामा सुरू झाला.

पुढचे कित्येक दिवस टेकडीवर दुसरा विषय नव्हता. जो भेटेल त्याला विचारलं जाई आणि आपल्याकडे कोणी माहीत नाही म्हणत नाही, त्यामुळे प्रत्येकाचं उत्तर तयार. रखवालदार म्हणाला, "पोट साफ करतंय ते, साहेब. आमच्या गावाकडची सगळी कुत्री करतात." रॉकीचे पप्पा म्हणाले, शरीरात जीवनसत्त्वं कमी पडली असणार. कोकोची मावशी म्हणाली, कंटाळा आला असेल, त्याच्याशी खेळा. सर्वांत भक्कम उपपत्ती आजींची. "अनलासुराला गिळल्यावर गणपतीच्या पोटात आग पडली, तेव्हा अठ्ठ्याऐंशी हजार मुनींनी एकवीस-एकवीस दूर्वा वाहिल्या आणि दाह शमला. ब्रूनोला पित्त झालंय. हरळी म्हणजे दूर्वाच की! जे देवाला कळलं ते मुक्या जनावराला कळतं, फक्त तुम्हाला कळत नाही." आणि जाता जाता, "माझ्या पित्ताची कधी नोंद केलीत का वहीत?"

आजोबांनी सगळ्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि प्रत्येकापुढे शेरा मारला, ‘पुरावा जोडलेला नाही’.

पुरावा हैदराबादहून आला. बापाच्या रोजच्या फोनला कंटाळून मुलीने शोधाशोध केली आणि सापडलं ते त्यांना वाचून दाखवलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक संशोधकांनी दीड हजारांवर श्वानमालकांना प्रश्न विचारले होते आणि 2008 साली निष्कर्ष छापले होते. 68 टक्के मालकांचं कुत्रं रोज किंवा दर आठवड्याला गवत नाहीतर दुसरी एखादी वनस्पती खात होतं. खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री दहातली एकसुद्धा नव्हती. खाल्ल्यावर नेहमी ओकणारी होती 22 टक्के. म्हणजे पोट बिघडलं म्हणून कुत्रं गवत खातं आणि ओकण्यासाठीच खातं, हा रखवालदाराचा आणि आजींचा समज बहुतेक कुत्र्यांना लागू होत नव्हता.

दुसऱ्या कोणी सुटकेचा श्वास टाकला असता. आजोबांनी चष्मा पुसला. "हे मालकांचं तोंडी निवेदन झालं. प्रत्यक्ष पडताळणी कुठे आहे?"

मग ती त्यांनीच सुरू केली. लाल वहीत रकाने पडले. दिनांक, वेळ, ठिकाण, गवताचा प्रकार, काड्या (अंदाजे), उलटी झाली अथवा नाही, शेरा. ब्रूनो गवतात तोंड घालायचा, आजोबा पुटपुटत काड्या मोजायचे आणि मागे आम्ही सगळे खोळंबायचो. कोणी पुढे जाऊ लागलं, की "एक मिनिट, साक्षीदार लागेल" म्हणून थांबवायचे. महिनाअखेरीस गोषवारा आला. ब्रूनो सकाळी उपाशीपोटी गवत जास्त खातो, संध्याकाळी जेवल्यावर फिरायला नेलं तर कमी. बहुतेक वेळा उलटी होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनाही पोट भरलेली कुत्री गवत कमी खाताना दिसली होती, असं मुलीने कळवलं. आजोबा म्हणाले, "त्यांचं काम बरोबर आहे." ऑस्ट्रेलियाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणं अवघड.

पण ‘का?’ या रकान्यात अजून काही लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी लांडगा कामी आला. रानातल्या लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं. डेव्हिसच्या त्या अभ्यासातले एक संशोधक बेंजामिन हार्ट यांचा तर्क असा, की कुत्र्यांच्या रानटी पूर्वजांच्या पोटात कायम जंत असायचे. न पचणारं तंतुमय गवत आतड्यातून जाताना जंतांना गुंडाळून बाहेर काढत असणार. आजच्या कुत्र्याला जंताचं औषध मिळतं, संतुलित खाणंही मिळतं, पण अंगात मुरलेली ती जुनी खोड गेली नाही.

हे ऐकून आजोबांचं एकदम समाधान झालं. "म्हणजे पूर्वापार चालत आलेली प्रथा आहे. मग त्यावर आक्षेप घेता येत नाही!"

आम्हाला वाटलं, विषय मिटला. पण प्रथा मान्य झाली तरी प्रत्येक व्यवहार तपासायचा राहतोच. रात्री साडेअकराला फोन वाजायचा, "झोपला नव्हतात ना? त्याने दोनदा आवंढा गिळला." एका सकाळी टेकडीच्या माथ्यावर, ऐन गर्दीत, ब्रूनो बसला आणि उठला तेव्हा मागे गवताची एक लांब पात अर्धी बाहेर, अर्धी आत. तो बिचारा गोल गोल फिरतोय, त्याच्यामागे आजोबा, त्यांच्यामागे पट्टा. आजोबांनी वर्तमानपत्राचा तुकडा हाताला गुंडाळला, पात धरली आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून आवाज इतका मोठा आला, की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला, "ओढू नका! आत काय गुंतलंय ते दिसत नाही. आतडं दुखावेल. चालवा त्याला, आपोआप पडेल. अडकूनच राहिलं तर माझ्याकडे आणा." पडलं. आजोबांनी वेळ नोंदवली.

या डॉक्टरांविषयी सांगायला हवं. मध्यमवयीन, अतिशय सोशिक गृहस्थ. त्यांच्या दवाखान्यात आजोबा इतक्या वेळा गेलेत, की तिथली मांजरंही त्यांना ओळखतात. शेवटी एक दिवस डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहून दिलं, गवताची काळजी केव्हा करायची. आजोबांनी ती लॅमिनेट करून फ्रिजवर लावली. आजींच्या अष्टविनायकाच्या चुंबकाखाली ती अजून आहे.

चिठ्ठीत लिहिलंय ते असं. अधूनमधून चार पाती खाल्ली, एखादी उलटी झाली आणि कुत्रं पुन्हा खेळायला लागलं, तर मला फोन करू नये. (‘करू नये’खाली दोन रेघा.) एकाच दिवसात पुन्हा पुन्हा उलट्या, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, सतत जुलाब, जेवणावरची वासना उडणं, मलूल पडणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी आणावं. कधी न खाणारं कुत्रं अचानक अधाशासारखं गवत ओरबाडू लागलं, तर पोटात मळमळ असू शकते. पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब असतील तर पार्व्होची शंका घ्यावी आणि वाट बघू नये. पोट फुगून टणक झालंय, कुत्रं ओकायचा प्रयत्न करतंय पण काहीच पडत नाही, असं दिसलं तर रात्र असो वा पहाट, तडक दवाखाना गाठावा. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या गवतापाशी नेऊ नये. कण्हेर, सायकस या बागेतल्या शोभेच्या झाडांना तोंड लावू देऊ नये, ती विषारी असतात. पावसाळ्यानंतर कुसळं नाकात, कानात, बोटांच्या बेचक्यात शिरतात, रोज तपासावं. जंताचं औषध ठरल्या वेळी द्यावं.

तणनाशकाचं कलम आजोबांनी फारच मनावर घेतलं. सोसायटीच्या लॉनवर माळी काही फवारताना दिसला, की ते कुंपणापाशी उभे राहून डब्यावरचा बारीक मजकूर मोठ्याने वाचतात. त्यांच्या सलग सात पत्रांनंतर सेक्रेटरींनी अखेर पाटी लावली, ‘फवारणी झाली आहे. कुत्र्यांना व मुलांना नेऊ नये.’ आता त्या पाटीखाली तारीख नसते, यावर पत्रव्यवहार चालू आहे.

गणपतीत तर पेचच पडला. पूजेसाठी निवडून ठेवलेली एकवीस दूर्वांची जुडी ब्रूनोने पाटावरून उचलली आणि दोऱ्यासकट गिळली. आजी सोवळ्यात, गुरुजी दारात. आजींना राग दूर्वांचा, आजोबांना काळजी दोऱ्याची. तिथे ते बरोबर होते. गवत सुटं सुटं निघून जातं, पण दोरा आतड्यात अडकला तर आतडी चुणीसारखी गोळा होतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेवर जातं. आजोबांनी आरती अर्ध्यावर टाकून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोरा बाहेर आला. तो आजोबांनी पाकिटात घालून, वर तारीख लिहून जपून ठेवला आहे. हे आजींना अजून माहीत नाही.

एवढी दक्षता बघून कोणालाही वाटेल, की या कुत्र्याच्या वाटेला काही वावगं जाणं शक्य नाही. आम्हालाही तसंच वाटे, डॉक्टरांनी ती वही मागून घेईपर्यंत.

त्यांनी पानं उलटली. काड्या, रंग, वेळा, सगळं बिनचूक. मग विचारलं, "ही सगळी खर्चाची बाजू झाली. जमेची कुठे आहे?"

"म्हणजे?"

"बाहेर काय खातो, काय ओकतो ते लिहिलंय. घरात काय खातो?"

दवाखान्यात शांतता पसरली. आजींनी संधी सोडली नाही. त्यांनी बोटं मोजत यादी दिली. सकाळच्या चहाबरोबर पाच ग्लुकोज बिस्किटं. संकष्टीचा मोदक. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा, बेदाण्यांसकट. आणि पाऊस पडला की कांदाभजी, "एक मला, एक ब्रूनोला" अशी, समान वाटपाने. "तो बघतो हो तसा," आजोबा पुटपुटले. पस्तीस किलोंचं गूढ तिथेच उकललं.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गवताने तुमच्या ब्रूनोचं काही वाकडं झालेलं नाही. पण कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, तळलेला असो. लसणाचंही तेच. बेदाण्याने आणि द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेट तर नकोच नको. तो रानातून जे खातो त्याची तुम्ही काडी न् काडी मोजता आणि स्वतःच्या हाताने भरवता त्याची एक ओळ नाही?"

आयुष्यभर दुसऱ्यांवर आक्षेप काढलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःवरच्या आक्षेपाची उजवी बाजू कोरी सोडली. पण लेखापरीक्षक तो लेखापरीक्षकच. दुसऱ्या दिवशी वहीत मधोमध रेघ मारलेली होती, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. भजी बंद. बिस्किटं पाचावरून एकावर आली, तीही पाहुणे आले तरच. ब्रूनोने यावर बराच मूक सत्याग्रह केला.

त्या मधल्या रेघेचा उपयोग पुढच्या उन्हाळ्यात झाला. ब्रूनो पुन्हा गवत खाऊ लागला. टेकडीवर सगळे म्हणाले, आजोबा, ती प्रथा आहे, तुम्हीच म्हणाला होतात. पण या वेळी वही दोन्ही बाजूंनी बोलत होती. उजवीकडे गवत वाढत होतं आणि डावीकडे रोज वाटीत थोडं थोडं अन्न उरत होतं. आजोबांनी थर्मामीटर लावला, तर 104. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्याहून गरम, 101 ते 102.5 फॅरनहाइटपर्यंत, पण 104 म्हणजे ताप. ओठ उलटून पाहिला, हिरड्या फिकट. त्याच सकाळी रक्त तपासलं, गोचीडतापाचं निदान झालं आणि महिनाभराच्या गोळ्यांनी ब्रूनो खडखडीत बरा झाला. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणलंत." आजोबा काही बोलले नाहीत. वही पिशवीत ठेवताना नुसतं म्हणाले, "आपलं लक्ष असतं."

गोळ्या चालू होत्या त्या काळात ते रात्री ब्रूनोशेजारी फरशीवर गादी टाकून झोपत. विचारलं तर म्हणत, "खोलीत उकडतं." आजी म्हणाल्या, खोलीत एसी आहे.

असे आजोबा तुमच्याही सोसायटीत असतील. कधी ते काका असतात, कधी आत्या, कधी त्यांच्याकडे कुत्र्याऐवजी मांजर असतं. त्यांना हसा, पण त्यांच्या वहीतली एक गोष्ट घ्या. तुमचं कुत्रं गवत खात असेल, वाटीही चाटूनपुसून साफ करत असेल आणि शेपटी हलत असेल, तर खाऊ द्या आणि पुढे चला. गवत वाढलं आणि वाटीत अन्न उरू लागलं, तर दवाखान्यात जा. कांदाभजी स्वतः खा. आणि टेकडीवर ब्रूनोचे आजोबा भेटले, तर आपलं कुत्रं गवत खातं हे त्यांच्यासमोर बोलू नका. बोललात, तर ऑफिसला उशीर होईल असं आधीच कळवून ठेवा.